डाव्या बाजूची माया

माझ्या गुरूने मला ब्लाउज शिकवला, पण मुंढा शिकवला नाही. मुंढा म्हणजे खांद्याखालची ती गोलाई, जिथे बाही जोडतात. ब्लाउज बसतो तो तिथे आणि फसतो तोही तिथेच.

रोह्याच्या एका गल्लीत, घराच्या पडवीत ही माझी गुरू, आमची काकी, शिवायला बसायची. आम्ही तीन-चार मुली काज करायला आणि हुक लावायला जायचो आणि त्या बदल्यात शिकायचो. गळा, पाठ, टक्स, सगळं ती आमच्यासमोर कापायची. मुंढ्याची पाळी आली की मात्र सरळ आमच्याकडे पाठ करायची. कात्रीचा एक लांब आवाज यायचा, आणि ती वळेपर्यंत गोलाई तयार असायची. मी मान वाकडी करून पाहायचे, पाणी प्यायच्या निमित्ताने उठायचे, एकदा तर पडवीच्या खांबाआडून डोकावले. तिने मान न वळवता विचारलं, "काय गो, दोरा संपला काय?" झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आम्ही मुली तिला मागून म्हणायचो. पुढे लग्न होऊन पेणला आले आणि लोकांचे जुने ब्लाउज उसवून उसवून मुंढा शिकले.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की माणसं आपली विद्या फुकट वाटतात यावर माझा विश्वास बसायला फार वेळ लागला.

दोन-तीन वर्षांपूर्वी पेणच्या बाजारात जिथे मी दोरा, अस्तर घेते, त्या दुकानदाराने मला ब्लाउज शिवणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. मला वाटलं, हा आपला माल खपवायचा नवा मार्ग असेल. पण तिथे मालाचं नाव नव्हतं. महाराष्ट्रभरचे शिवणारे होते, बायका जास्त, पुरुष मास्तर थोडे. सुप्रभात टाकायचं नाही, देवाचे फोटो टाकायचे नाहीत, फक्त कामाचं बोलायचं, असा नियम. ग्रुप चालवणारी बाई फारच कडक. एकाने वाढदिवसाचा केक टाकला तर तिने विचारलं, "याचं कटिंग कसं केलं ते सांगा, नाहीतर काढा."

खरी नावं कोणाची कोणाला ठाऊक नव्हती. जो तो आपापल्या फोटोवरून ओळखला जायचा. एक तुळशीवृंदावनवाली होती, एक सायकलवाला, एक किटलीवाला मास्तर. किटलीवाल्याच्या बोलण्यावरून तो सोलापूरकडचा असावा. तो लिहायचा नाही, बोलून पाठवायचा, आणि मागे मशीनचा आवाज चालू असायचा. मी वाचायचे, ऐकायचे, गप्प बसायचे. पोटात एकच प्रश्न होता: हे लोक का सांगतात? यांना यातून काय मिळतं? एखादी बाई बोटनेकचं सगळं कटिंग कागदावर काढून टाकायची, आणि मी तो कागद बघण्याऐवजी तिच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसायचे. असं वाटायचं की ही बाई नक्की काहीतरी लपवते आहे.

एक दिवस विदर्भातल्या कोणीतरी विचारलं, की गिऱ्हाइकाचे हुक सारखे गंजतात, काय करावं? आता पेणच्या खाडीपट्ट्यातल्या बाईला हे विचारणं म्हणजे माशाला पाण्याचं विचारणं. मिठागरावर राबणाऱ्या बायकांचे ब्लाउज मी किती वर्षं शिवते आहे. खाऱ्या हवेत लोखंडी हुक चार महिने टिकत नाही, शिवाय गंज कापडात उतरतो तो वेगळाच. मी त्यांना हुकाऐवजी कापडी घुंड्या लावते, कापड वळून केलेली बटणं. माझी बोटं आपोआप चालली. घुंडी कशी वळायची, दोरा किती पदरी घ्यायचा, सगळं सांगून टाकलं, वर फोटोही काढला. मग हातातला मोबाइल बघत बसले. मी का सांगितलं? मला कोणी काही देणार नव्हतं. पण ती विदर्भातली बाई आता माझ्यासारख्या घुंड्या वळणार, याचं मला दिवसभर हसू येत होतं, हे खरं.

मग एक अनोळखी बाई आली.

वरशाहून आली होती. रोह्याला लागून असलेलं गाव, तिथून पेणला ब्लाउज शिवायला कोणी येत नाही. माझ्याच वयाची, सैल कुडता, अंगावर ओढणी दोन पदरी घेतलेली. पिशवीतून जांभळी साडी काढली. त्यांच्या महिला भजनी मंडळाने पंधरा जणींना एकसारख्या साड्या घेतल्या होत्या आणि रोह्यात भजनाची स्पर्धा होती. ही झांज वाजवायची. बाकी चौदा जणींचे ब्लाउज रोह्यातच शिवायला टाकले होते. कोणाकडे, ते तिने सांगितलं, आणि मला हसू आलं. माझ्याच काकीकडे.

"मग तुम्ही का नाही टाकला?" मी विचारलं. "माझा हात तिच्या पासंगाला पुरायचा नाही."

"तिच्या पडवीत बारा बायका बसलेल्या असतात, ताई." ती दाराकडे बघून बोलली. "माझी डावी बाजू नाय. ऑपरेशनात काढली."

मी जे बोलले ते आजही आठवलं की कान तापतात. मी म्हटलं, "काही कळणार नाही हो, थोडा कापूस भरला की झालं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "कापूस भरून बघितला. झांज वाजवायला हात वर केला की तो कापूस गळ्याशी येतो. गेल्या वेळी मधेच उठले मी. त्याला वरीस झालं. पुढच्या रांगेत माझी जागा होती, ती अजून रिकामी ठेवतात. या वेळी नाय जमलं तर मीच सांगणार हाय, बसवा दुसरीला."

मी टेप गळ्यात अडकवून उभी राहिले आणि मला कळेना की सुरुवात कुठून करू. आम्ही खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंत माप घेतो, त्यावर सगळा ब्लाउज उभा राहतो. इथे डावीकडे टोकच नव्हतं. मी उजवीकडचं माप घेतलं, डावीकडचं काखेपासून कमरेपर्यंतचं घेतलं, दंडाचं घेतलं. डावा दंड उजव्यापेक्षा जाड लागला. ते का, हे विचारायची हिंमत झाली नाही. तिला गाडी गाठायची होती. ती गेली, आणि मी काही न कापता ते कापड समोर ठेवून बसले. साडीतूनच निघालेलं कापड, ऐंशी सेंटिमीटर. मंडळाने कोपरापर्यंत बाही ठरवलेली, म्हणजे त्यातून चिंधीसुद्धा उरणार नव्हती. चुकलं तर दुसरं कापड बाजारात मिळणार नव्हतं.

मी ग्रुपवर विचारलं. नाव नाही, गाव नाही, फक्त काम. एक बाजू नाही, झांज वाजवते, हात वर जायला हवा.

एरवी तिथे दोन मिनिटांत दहा उत्तरं यायची. या वेळी एकच आलं, सायकलवाल्याचं, "असलं सगळ्यांसमोर विचारायचं असतं का?" माझा संताप झाला, पण मी काही लिहायच्या आत त्या कडक बाईने लिहिलं, "हे कामाचंच आहे. ज्यांना येतं त्यांनी बोला, ज्यांना येत नाही त्यांनी वाचा." आणि मग एकेक जण बोलायला लागली. तुळशीवालीने सांगितलं, अस्तराला आतून खिसा करा, काखेच्या बाजूने तोंड ठेवा, म्हणजे आतली उशी काढून धुता येते. दुसरीने सांगितलं, नुसता कापूस हलका, म्हणून वर चढतो. त्यात थोडी मोहरी भरा, वजनाने जागेवर राहतो. मोहरी! माझ्या स्वयंपाकघरात डब्यात पडलेली मोहरी. मी उठून मूठभर हातात घेऊन बघितली, आणि बराच वेळ ती हातात जोखत उभी राहिले.

शेवटी किटलीवाल्या मास्तरचा आवाज आला. या वेळी मागे मशीन बंद होती. "ताई, माप सांजच्याला घ्या. अशा बायकांचा तो हात दिवसभरात सुजतो. सकाळचं माप सांजला दाटतं. आन् डाव्या अंगाला माया ठिऊ नका. टोचती."

आता माया म्हणजे काय, हे ज्याने कधी शिवलेलं नाही त्याला सांगायला हवं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड आम्ही राखून ठेवतो, ती माया. अंग भरलं की शिवण उसवून तेवढं सैल करता येतं. काकी म्हणायची, माया नसलेला ब्लाउज आणि माया नसलेली सासू, दोन्ही दाटतात. मला माझ्याच डोक्यात खटकलं. हात सुजतो म्हणतो, आणि सैल करायची सोयही ठेवू नको म्हणतो? पण ज्याला सुजेचं ठाऊक आहे, त्याला मायेचंही ठाऊक असणार. मोठ्या माणसाने सांगितलं की आपलं डोकं बाजूला ठेवायचं, ही रोह्याच्या पडवीतली माझी जुनी सवय. मी त्याला उलटा प्रश्न विचारला नाही. संध्याकाळचं माप घ्यायला तिला पुन्हा बोलावलंही नाही, उगीच हेलपाटा म्हणून. दंडात अंदाजाने अर्धा इंच वाढवला आणि डाव्या कडेला, शिवणीपुरती पट्टी सोडून, बाकी माया कापून टाकली.

ती ब्लाउज घालून बघायला आली तेव्हा पाच वाजून गेले होते. वडखळला गाड्या अडकल्या होत्या म्हणून एसटीला उशीर झाला होता. उशी छान बसली. मोहरीची गंमत तिला फार आवडली. "फोडणीला नको हां घेऊ," असं स्वतःलाच म्हणून हसली. मग डावी बाही चढवायला घेतली. बाही कोपराच्या वर येऊन थांबली. ओढून वर नेली तर हात खांद्याच्या वर जाईना. कडेची शिवण करकचून ताणली होती.

"हितं जरा सोड ना गो," ती म्हणाली.

"सोडायला काही नाही," मी म्हटलं. "माया मी कापली."

तिने ब्लाउज काढला, घडी केली, आणि म्हणाली, "ऱ्हावू दे. तू केलंस तेवढं बरंच केलंस." तिने आरडाओरडा केला असता तर मला सोसलं असतं. स्पर्धेला आठ दिवस होते.

त्या ग्रुपवर लोक काय टाकतात ते सांगते. तयार ब्लाउज टाकतात, दोऱ्याच्या गुंडाळीशेजारी नीट मांडलेले. बिघडलेला ब्लाउज मी तिथे कधी पाहिला नव्हता. मीच पहिली. डावी शिवण उलटी करून फोटो काढला आणि लिहिलं, "माया कापून बसले. कापड संपलं आहे."

किटलीवाल्याचा आवाज लगेच आला, घाबरलेला. "अहो ताई, कापू नका म्हनजे! ठिऊ नका म्हनलं ते आतल्या अंगाला. माया भायेर काढायची, कापड आन् अस्तराच्या मधी दाबायची, कातड्याला लागू द्याची न्हाई. आवं, माया कोन कापतं का!"

तो असं म्हणाला आणि पाठोपाठ काहीतरी सुरू झालं. तुळशीवालीने कबूल केलं की एकदा तिने दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या होत्या. सायकलवाल्याने, ज्याने मला आधी टोकलं होतं, त्याने लिहिलं की नवरीचा गळा पुढचा मागे कापला होता आणि तो आजवर कोणाला बोलला नव्हता. चुकांची रांग लागली. कडक बाई मधे म्हणाली नाही, की हे कामाचं नाही. आणि त्या रांगेत उपाय होता. तिघींनी एकच सांगितलं: काखेत कळी घाला. बाहीपासून कडेपर्यंत जाणारा निमुळता तुकडा. हात मोकळा वर जाईल.

तुकडा तळहाताएवढा लागणार होता. त्याच जांभळ्या कापडाचा. आणि ते कापड जगात एकाच ठिकाणी उरलेलं असणार होतं, काकीच्या पडवीत. चौदा जणींत कोणीतरी बारीक असणारच, तिच्या ब्लाउजाच्या कातरणात.

जायच्या आधी वरशाच्या ताईला फोन केला. काकीला खरं सांगावं लागेल, चालेल का? ती म्हणाली, "तिला एकटीला सांग. बायका नसताना."

दुपारच्या गाडीने निघाले. वाटेतलं कासू गेलं तोवर मनात वाक्यं जुळवत होते, रोहा येईपर्यंत सगळी विसरले. इतक्या वर्षांनी जाते आहे आणि कशासाठी, तर चिंधी मागायला! पडवी तशीच होती, काकी मात्र वाळून अर्धी झाली होती. दुपारची झोपेची वेळ, म्हणून दुसरं कोणी नव्हतं. मी तिच्यापुढे तो ब्लाउज ठेवला आणि सगळं सांगितलं, ग्रुप, किटली, मोहरी, माया.

तिने ब्लाउज उलटा केला, आतला खिसा चाचपला, उशी हातात घेऊन खुळखुळवली. "मोहरी. ह्ये कोणाचं डोकं?"

"ठाऊक नाही. तुळशीच्या फोटोवाल्या बाईच्या पुढच्या कोणाचं तरी."

"तोंड बघितलं नाय आन् आयकलंस?"

"हो."

"आन् माया कापलीस." ती दात नसलेल्या तोंडाने हसली. मग मुंढ्यावरून बोट फिरवलं. "मुंढा बरा कापतेस गो. कोणी शिकवला?"

"तुम्ही पाठ करून बसायचात. उसवून शिकले."

मला वाटलं रागावेल. ती कातरणाची पिशवी उपसू लागली, आणि आत बघत बघतच बोलली. "पाठ कराया लागायची. मला मुंढ्याचं मापच येत नव्हतं. आजून नाय येत. डोळे बारीक करून अंदाजानं मारते कात्री. तुमी बघितलं असतंत तर म्हनला असतात, हिला काय येतंय?"

सव्वा लाखाची मूठ उघडली होती आणि तिच्यात काहीच नव्हतं. मी एवढी वर्षं जे चोरून बघत होते, ते बघायला तिथे नव्हतंच. मला हसू आलं, आणि मग तिची दया आली. भीतीने पाठ करून बसणारी बाई मला तेव्हा कधी दिसलीच नव्हती.

जांभळा तुकडा निघाला. मी हात पुढे केला तर तिने दिला नाही. टेबलावर अंथरला, कात्री घेतली, डोळे बारीक केले. या वेळी तोंड माझ्याकडे होतं. माप नाही, खूण नाही. एकदा कात्री उघडली आणि कळी कापून दिली. पेणला येऊन लावली तर सुताचा फरक नव्हता. कळीची माया मी बाहेर काढली आणि अस्तराखाली दाबली. या वेळी माप संध्याकाळीच घेतलं होतं, काकीकडून निघून वरशाला ताईच्या घरी जाऊन, दिवे लागायच्या सुमाराला.

स्पर्धेला मी मागच्या रांगेत बसले. पंधरा जांभळ्या साड्या. पहिल्या अभंगाला तिने झांज छातीशी धरूनच वाजवली आणि दोनदा डावा खांदा सावरला. दुसऱ्याला टाळ्या वाढल्या, लय चढली, आणि तिचे दोन्ही हात वर गेले, डोक्याच्याही वर. ते खाली आले आणि पुन्हा वर गेले. खांद्याकडे तिचं लक्षच नव्हतं. मी मात्र अभंग ऐकलाच नाही, डावी काख बघत बसले. त्यांचा नंबर आला नाही, त्याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही.

फोटो तिला नको होता. म्हणून ग्रुपवर एवढंच लिहिलं, "हात वर गेला." कडक बाईने पहिल्यांदाच नियम मोडून फूल टाकलं. मी काकीच्या कळीचं सांगितलं, तर सगळ्यांनी माप मागितलं. माप नाही, असं लिहिलं तेव्हा कोणालाच आश्चर्य वाटलं नाही.

मग मी किटलीवाल्याला एकट्याला मेसेज करून विचारलं. जे पहिल्या दिवसापासून पोटात होतं ते. मास्तर, सांजचं माप, सूज, टोचणं, एवढं तुम्हाला कसं ठाऊक? आणि विचारल्याबरोबर सगळ्यांना का सांगितलंत?

दोन दिवसांनी त्याचा आवाज आला. मागे भांड्यांचा आवाज होता, कोणीतरी बाई काहीतरी बोलत होती.

"माझ्या बायकूचं असलंच आपरेशन झालं तवा पयला ब्लाउज म्याच शिवला. माया आत ठिवली हुती, नेहमीसारखी. तिला टोचायची. बोलली न्हाई. म्या शिवलेला म्हनून वरीसभर तसाच घातला. एक दिवस धुवाया घेतला तवा आतल्या शिवणीला रगात दिसलं."

मागच्या बाईने विचारलं, "कुनाशी बोलताय?"

"पेणच्या ताईशी," तो म्हणाला. "तुझ्या ब्लाउजाचं इचारत्यात."